बटाटे बाधले

पहाटे लामांच्या गोठ्यामागं
गुमेर्सिंदो ओकत होता.
मी पाहिलं. मी पाहिलं हे त्यानं पाहिलं.
तोंड पुसून म्हणाला, "रात्रीचे बटाटे बाधले."
बटाटे आम्ही सगळ्यांनीच खाल्ले होते.

आमची नदी फार खाली आहे,
इतकी, की तिचा आवाज वर येईतो म्हातारा होतो.
तिच्यावरचा पूल गवताचा.
दरसाल जूनमध्ये जुना कापून पाण्यात सोडायचा,
दरसाल नवा विणायचा,
आणि कुणीतरी एकानं
चार उघड्या दोरांवर आधी जाऊन बसायचं,
पाय दरीत सोडून,
मागचं विणलेलं, पुढचं नुसतं आभाळ.

तीस वर्षं ते काम इलारिओनबाबाचं.
औंदा त्याचे हात कापू लागले,
चिचाचा पेला ओठाशी नेईतो अर्धा सांडतो.
त्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली
आणि बोट केलं माझ्या भावाकडं.
लोक म्हणाले, शाब्बास.
जमेल का, असं कुणी विचारलं नाही.
मीही नाही.
मी दोर वळत बसले होते,
इचू गवत भिजवायचं, दगडानं ठेचायचं,
तळहातावर तळहात घासत राहायचं.
माझ्या वाटणीचे चाळीस वाव.

विणकाम चालू असता बायकांनी पुलापाशी जायचं नाही,
म्हणून मी वरच्या कड्यावर.
तिथून माणूस कोकाच्या पानाएवढा दिसतो.

तो बसला. सरकला.
दोर, गाठ. सरकला. दोर, गाठ.
मधोमध आला
आणि थांबला.

वारा नव्हता.
जीव मुठीत धरतात म्हणे.
त्याच्या मुठीत मी वळलेला दोर होता,
आणि मला एकदम आठवेना
शेवटचा पीळ मी नीट घातला होता का.

काठावरून सल्ले सुटले, फुकटचे.
खाली बघू नकोस!
डोंगराचं नाव घे!
बापाला आठव!
(बाप ह्याच नदीत गेला, घोड्यासकट,
पूल न लागता, खालच्या उताराला.)
पल्याड कुणीतरी हसलं,
आणि हसू मध्येच तुटलं,
शेजारच्यानं चापट मारली असावी.

मग गुमेर्सिंदो ओरडला,
"मला भीती वाटतेय!
फार वाटतेय!
दोर फेका!"

दरीनं ते परत केलं, जरा मोठं करून.
दोन्ही गावांनी दोनदा ऐकलं.
मी डोळे मिटले. म्हटलं, संपलं,
आता ह्याच्या शब्दावर कोण दोर ओढणार.

पल्याडच्या टोकाकडून विणत येत होता क्रिसोस्तोमो,
कुरणाच्या भांडणावरून सहा वर्षं
आमच्याशी न बोललेला.
त्यानं हातातली गाठ पुरी केली, मग म्हणाला,
"हळू ये. मीही हळूच येतोय."

दोर आला.
इतक्या जणांनी एकदम फेकला
की तीन वेटोळी त्याच्या मांडीवर पडली
आणि एक डोक्यावर.

ऊन उतरताना दोघांचे गुडघे टेकले एकमेकांना.
मिठी वगैरे काही नाही.
क्रिसोस्तोमोनं गालातलं कोका चघळत
फक्त सुरी मागितली, टोकं कापायला.

रात्री शेकोटीपाशी
इलारिओनबाबा भावाशेजारी येऊन बसला,
पेला सांडत.
बराच वेळ बोलला नाही.
मग म्हणाला,
"तीस वर्षं मीही बटाट्यांनाच नावं ठेवली."

दुसऱ्या दिवशी मी पूल ओलांडला,
दोरीला बांधलेली मेंढी घेऊन.
मधोमध एक गाठ होती बाकीच्यांहून जाड,
दोनदा मारलेली, ओबडधोबड.
मी तिच्यावर हात ठेवला.
पुढच्या जूनला तीही कापून खाली जाईल.

मेंढी तिथंच अडली.
पाय रोवून, डोळे पांढरे करून.
मागं माणसं खोळंबली.
मी खाली वाकले,
तिच्या कानात
खोटं काही सांगितलं नाही.